पाटली एक, सोनं दोन

मागच्या आठवड्यात राजेंद्र नगरच्या एक काकू दुकानात आल्या. हातात रुमाल, रुमालाला गाठ, गाठीत दोन पाटल्या. "बघ गं जरा किती टंच निघतो ते, विकायच्या नाहीयेत, एक लेकीला नि एक सुनेला द्यायचीये, माझ्या माघारी कोणी म्हणायला नको की हिला चांगली दिली नि तिला हलकी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचं इथे इंदूरला सराफ्यात टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचं छोटंसं दुकान आहे, सासऱ्यांच्या म्हणजे अप्पांच्या वेळचं, आणि मी लग्नाआधी फिजिक्समध्ये एमएस्सी केलेली असल्यामुळे एक्स-रे मशीनवर बसायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. तक्रार नाहीये, खरं तर आवडतं मला.

तर पहिली पाटली ठेवली, 91.6, एकदम खणखणीत 22 कॅरेट. दुसरी ठेवली तर 86. थोडी फिरवून परत घेतली तर 83, अर्धी फिरवली तर परत 91.6. काकू माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी स्क्रीनकडे. मग मशीनच्या कॅमेऱ्यात नीट पाहिलं तेव्हा केसाएवढी बारीक रेघ दिसली, डाखाची, म्हणजे जोडाची. कधीतरी कोणाचा तरी हात भरला असणार, पाटली कापून मधे तुकडा घालून वाढवलीये, आणि ज्याने वाढवली त्याने तुकडा घातला 18 कॅरेटचा. माझ्या मशीनचा एक्स-रेचा ठिपका मोठा होता, तो अर्धा या सोन्यावर नि अर्धा त्या सोन्यावर पडत होता आणि मशीन बिचारं दोघांची सरासरी काढून सांगत होतं. सगळ्यात बारीक कोलिमेटर, म्हणजे ठिपका आवळणारं भोक, लावला, रेघेच्या अलीकडे 91.6, पलीकडे 75. झालं.

हे इथे का लिहून राहिलेय, तर त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर जे वाचत बसले ते अगदी हेच प्रकरण होतं, फक्त पाटलीच्या जागी आकाशगंगा होती.

एनजीसी 6240 नावाची एक आकाशगंगा आहे, साधारण 40 कोटी प्रकाशवर्षं लांब. एक म्हणायचं, पण ती दोन आकाशगंगांची टक्कर होऊन झालेली खिचडी आहे, आणि मधे इतकी धूळ की आतलं काही धड दिसत नाही. तिच्यातून एक्स-रे येतात हे जुन्या उपग्रहांना कळलं होतं, त्यात लोखंडाची रेघ आहे (ती काय ते पुढे सांगते) हेही कळलं होतं, म्हणजे आत कुठेतरी जेवणारं ब्लॅक होल आहे एवढं नक्की. पण त्या दुर्बिणींचा ठिपका मोठा. मग नासाच्या चंद्रा नावाच्या एक्स-रे दुर्बिणीने बघितलं (2002 मध्ये जाहीर झालं), जिची नजर अर्ध्या आर्कसेकंदाएवढी, म्हणजे एका अंशाचे 7200 भाग केले तर त्यातल्या एकाएवढी बारीक आहे, तर एक नाही, दोन ठिपके. दोन्हीतून तीच लोखंडाची रेघ. एकाच आकाशगंगेत दोन महाकाय ब्लॅक होल आणि दोन्ही चालू, असं पहिल्यांदाच पक्कं दिसलं. मी उठून बसले अक्षरशः, नवरा म्हणाला काय झालं, म्हटलं काही नाही, काकूंची पाटली.

आता ही लोखंडाची रेघ म्हणजे काय ते जरा सांगते, कारण हे माझ्या रोजच्या पोटापाण्याचं आहे. माझ्या मशीनमध्ये एक ट्यूब असते, ती दागिन्यावर एक्स-रे मारते. त्या माऱ्याने अणूच्या अगदी आतल्या घरातला एखादा इलेक्ट्रॉन उडून जातो, बाहेरच्या घरातला एक त्या रिकाम्या जागेत उडी मारतो, आणि उडी मारताना जी एनर्जी उरते ती एक्स-रे होऊन बाहेर पडते. प्रत्येक धातूची उडी वेगळी, म्हणून प्रत्येकाची एनर्जी ठरलेली. तांबं 8.05, जस्त 8.64, सोनं 9.7, चांदी 22.1, आकडे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, मला आता पाढ्यासारखे पाठ झालेत. आणि लोखंड 6.4. कुणी स्टीलच्या तारेवर सोनं चढवून आणलं की आधी 6.4 ला टोक उभं राहतं, मी काही बोलायच्या आधीच गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो.

ब्लॅक होलच्या भोवती हेच चालतं. त्यात पडणारा गॅस सरळ आत जात नाही, मोरीत पाणी जाताना जसं गरगरतं तसं फिरत फिरत जातो आणि घासून घासून तापतो, त्याची एक तबकडी होते. तबकडीच्या वर नि आसपास त्याहून कितीतरी तापलेला इलेक्ट्रॉनचा ढग असतो, त्याला कोरोना म्हणतात, हो नाव तेच आहे, काय करणार. हा कोरोना एक्स-रे फेकतो आणि ते आजूबाजूच्या थंड गॅसवर पडतात, त्या गॅसमध्ये थोडं लोखंड असतंच, आणि ते 6.4 ला चमकतं. ट्यूबच्या जागी कोरोना, पाटलीच्या जागी गॅस, डिटेक्टरच्या जागी उपग्रह. लोखंडच का, तर एक म्हणजे ताऱ्यांनी ते विश्वात भरपूर बनवून ठेवलंय आणि दुसरं म्हणजे हलक्या अणूंपेक्षा ते अशा माऱ्याला जास्त जोरात उत्तर देतं. एनजीसी 6240 आपल्यापासून लांब पळतेय म्हणून तिची रेघ आपल्याकडे पोचेपर्यंत 6.25 च्या आसपास सरकलेली असते, पण ओळखू येते.

एक गंमत आहे बघा. एक्स-रे आपल्या हवेतून खाली येतच नाहीत, म्हणून दुर्बीण वर पाठवावी लागते, चंद्राची कक्षा तर इतकी लांब आहे की ती फिरत फिरत चंद्राच्या एक तृतीयांशाहून जास्त अंतरावर जाते. तिथे चंद्रा म्हणजे दुर्बीण, आणि पुढचा चंद्र म्हणजे आपला चांदोबा, नाहीतर गोंधळ व्हायचा. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलंय. तर त्या दुर्बिणीत साधा आरसा चालत नाही, एक्स-रे आरशातून आरपार घुसतील, म्हणून आरसे जवळजवळ नळीसारखे उभे ठेवलेत, एक्स-रे त्यांना घासून जातात, तलावावर चपटा दगड भिरकावला की टप्पे खात जातो तसे. आणि त्या आरशांवर मुलामा कशाचा? इरिडियमचा. इरिडियम म्हटलं की सराफ्यात आमच्या कपाळाला आठ्या, कारण सोन्यात भेसळ करायला लोक त्याची पावडर घालतात, वजनाला जड आणि सोन्यात विरघळत नाही. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे चोराचा माल वर गेला तर साव होतो."

बरं, पण एनजीसी 6240 मधले ते दोघं अजून एकमेकांपासून जवळपास 3000 प्रकाशवर्षं लांब आहेत. म्हणजे स्थळ बघून झालंय, साखरपुडा झालाय, लग्नाला अजून कोट्यवधी वर्षं. खरी मजा त्याच्या पुढे आहे, जेव्हा ते इतके जवळ येतात की कुठल्याच एक्स-रे दुर्बिणीला दोन ठिपके वेगळे दिसणार नाहीत. बारीक कोलिमेटर संपला. आता काय करायचं?

तर मग रेघेकडेच नीट बघायचं. दोघं एकमेकांभोवती फिरतायत, म्हणजे एक आपल्याकडे येतोय तेव्हा दुसरा लांब जातोय. येणाऱ्याची रेघ थोडी वर सरकणार, जाणाऱ्याची खाली. समजा वेग प्रकाशाच्या 3 टक्के, तर 6.4 ची रेघ साधारण 6.2 आणि 6.6 अशी फुटेल, आणि अर्ध्या फेरीनंतर अदलाबदल. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे पहिलं मशीन होतं ना, त्यात गॅस भरलेला जुन्या पद्धतीचा डिटेक्टर होता, त्याला तांबं आणि जस्त वेगळं दिसायचंच नाही, दोघांचा मिळून एक जाडजूड डोंगर यायचा, आणि विकणाऱ्याने तर छातीठोक सांगितलं होतं की सगळं दिसेल. नंतर सिलिकॉनवालं घेतलं तेव्हा डोंगराची दोन टोकं झाली. उपग्रहांचंही तसंच झालंय, 1970 च्या उहुरूवर गॅसवालेच होते, चंद्रा दुर्बिणीवर सिलिकॉन, आणि सप्टेंबर 2023 मध्ये जपानने सोडलेल्या एक्सरिझमवर तर असा डिटेक्टर आहे की तो निरपेक्ष शून्याच्या जवळपास, म्हणजे त्याच्या वर फक्त एका अंशाच्या विसाव्या भागाएवढ्या तापमानावर ठेवतात आणि एकेका एक्स-रे कणाने तो किती गरम झाला ते मोजतात. माझ्या मशीनपेक्षा साधारण पंचवीस-तीस पट बारीक नजर. गंमत म्हणजे त्याच्या तोंडावरचं झाकण वर गेल्यावर उघडेचना, अडकून बसलं, झाकणाला बेरिलियमची खिडकी आहे म्हणून काम चालतंय, कमी एनर्जीचे एक्स-रे तिथेच अडतात पण लोखंडाचे आरामात जातात. माझ्या डिटेक्टरलाही बेरिलियमचीच खिडकी आहे, इतकी पातळ की मशीन पुसताना आमच्या पोऱ्याला मी तिच्या आसपास फिरकू देत नाही.

तर असं सगळं असूनही, एकाच जागी फिरणाऱ्या दोघांच्या दोन सरकत्या रेघा खात्रीने अजून कोणाला सापडलेल्या नाहीत. कारण एकट्या ब्लॅक होलच्या जवळ सुद्धा गॅस इतका जोरात फिरतो आणि गुरुत्वाकर्षण इतकं असतं की रेघ पसरट होते, तिला शेपूट फुटतं, आणि पसरट रेघेत कोणी दोन टोकं बघायची ठरवली तर दिसतातच हो. मी बघते ना रोज, गिऱ्हाइकाला 22 कॅरेट बघायचं असतं तर त्याला स्क्रीनवर तेच दिसतं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते तबकड्यांचं. दोघं जवळ आले की ते भोवतीच्या मोठ्या तबकडीच्या मधोमध जागा साफ करून टाकतात, परातीत पीठ पसरून मधे आळं करतो तसं. मग त्या आळ्याच्या काठावरून गॅसच्या बारीक धारा आत ओघळतात आणि प्रत्येक ब्लॅक होल आपापली छोटी तबकडी राखून असतं. धारा त्या तबकड्यांवर आपटतात तिथे गॅस एकदम तापतो आणि जास्त एनर्जीचे, कडक एक्स-रे निघतात, आणि फेरीप्रमाणे धार कमी-जास्त होते म्हणून एक्स-रेही ठेक्यात कमी-जास्त व्हायला हवेत. हे कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमधून आलेलं आहे, पण पटतं. आणि शेवटी काय होतं तर, आपल्याकडे म्हणतात विझताना दिवा मोठा होतो, इथे उलटंच. 2023 च्या एका सिम्युलेशनमध्ये दिसलं की विलीन व्हायच्या काही तास ते काही दिवस आधी दोघांच्या छोट्या तबकड्या एकमेकांच्या ओढीने फाटून संपतात, आणि तबकड्यांतून येणारे एक्स-रे एकदम दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली येतात. बाहेरच्या मोठ्या तबकडीला पत्ताच नाही, तिचा साधा प्रकाश चालूच. म्हणजे घराबाहेरचा दिवा लागलेला आणि आतल्या खोलीत अंधार. असं कुठे दिसलं तर समजायचं, वेळ झाली. टक्कर झाल्यावर गॅस परत आत येतो आणि एक्स-रे परत चढतात.

आता ठेका म्हटला की सराफ्यातल्या माणसाला सावध व्हायलाच पाहिजे. आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे सोन्याच्या भावाचा एक सिद्धांत आहे. भिया, भाव दर तीन महिन्याला खाली येतोय बघ, दोनदा आला ना, आता तिसऱ्यांदा येणार. आणि येतो पण कधीकधी! म्हणून काय ठेका झाला का तो? नुसता भाव वर-खाली होत असला तरी थोड्या दिवसांच्या तुकड्यात लाटा दिसतातच. ब्लॅक होलचा प्रकाश असाच आपला आपण वर-खाली होत असतो, आणि दोन-तीन लाटा बघून लोकांनी जोड्या जाहीर केल्यात. जानेवारी 2022 मध्ये टिक-टॉक नावाने जी आकाशगंगा गाजली तिचं हेच झालं. तिच्या प्रकाशाचे ठोके वर्षाला एक होते ते तीन वर्षांत महिन्याला एक झाले, म्हणजे दोघं आत आत चाललेत आणि तीन वर्षांच्या आत आपटणार, असं म्हणणं होतं. मग काय, स्विफ्ट, चंद्रा, एक्सएमएम-न्यूटन, अंतराळ स्टेशनवरचा नायसर, सगळ्यांनी एक्स-रेमध्ये डोळे लावले. एक्स-रे आले, नायसरला मधेच काही चमत्कारिक भडके पण दिसले, पण ठेका काही मिळाला नाही, आणि ती तीन वर्षंही उलटून गेली. मी पण वाट बघत होते हं, खोटं नाही बोलणार.

ओजे 287 ची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे कारण त्यात आपली माणसं आहेत. ही पण एक लांबची आकाशगंगा, साधारण दर 12 वर्षांनी भडकते, जुन्या फोटोच्या काचा काढून बघितल्या तर अगदी 1880 च्या दशकापासूनच्या नोंदी मिळतात. एक मोठं ब्लॅक होल, 1800 कोटी सूर्यांएवढं, आणि एक छोटं, 15 कोटी सूर्यांचं, छोटं फिरताना मोठ्याच्या तबकडीला भोक पाडून जातं आणि भडका उडतो, असं ते मॉडेल. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या लोकांनी इतरांबरोबर हिशोब मांडून आधीच सांगितलं की 31 जुलै 2019 ला भडका येणार, स्पिट्झर दुर्बिणीने बघितलं तर चार तासांच्या फरकाने आला. चार तास! मला आमचा कारीगर सांगितलेल्या दिवशी आला तरी आनंद होतो. आणि मग पुढचा मोठा भडका ऑक्टोबर 2022 मध्ये यायला हवा होता असं एका टीमने म्हटलं, स्विफ्टने एक्स-रे आणि अल्ट्राव्हायोलेटमध्ये वर्षानुवर्षं पहारा देणारी टीम, आणि तो काही आला नाही. त्यांचं म्हणणं की मोठं ब्लॅक होल 10 कोटी सूर्यांएवढंच असावं. 1800 कोटी कुठे नि 10 कोटी कुठे! भांडण अजून चालू आहे. माझा आतला कौल टीआयएफआरकडे जातो, पण तो कौल पुण्या-मुंबईच्या प्रेमाने जातोय हे मला कळतंय, त्याला टंच नाही.

परवा हे सगळं अप्पांना सांगत होते, रात्री, दुकान वाढवायच्या वेळी. आमच्या सराफ्यात ही वेळ मोठी मजेची असते, सोन्याची शटरं पडतात आणि त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याची दुकानं लागतात, भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी, दिवसा जिथे मी मिलिग्रॅम मोजते तिथे रात्री कढई. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण तुझं मशीन वरवरचंच सांगतं. जाळून कोणी बघितलं का?"

अप्पांचं हे ठरलेलं वाक्य आहे. पण बरोबर आहे, एक्स-रे सोन्याच्या कातडीतूनच परत येतात, मुलामा जाड असला की मशीन फसतं, आणि वाद झाला की शेवटचा शब्द भट्टीचा. थोडं सोनं कापायचं, शिशात गुंडाळून भट्टीत जाळायचं, मग तेजाबात टाकायचं आणि जे उरेल त्याचं वजन. मी म्हटलं अप्पा, त्यांची भट्टी म्हणजे गुरुत्वीय लहरी. दोन इतकी जड वस्तुमानं फिरली की अवकाशच हलतं, तिथे धूळ नाही, तबकडी नाही, ठेक्याचा भास नाही. जून 2023 मध्ये पल्सारांच्या, म्हणजे घड्याळासारखे नेमके ठोके देणाऱ्या मेलेल्या ताऱ्यांच्या, ठोक्यांतल्या बारीक चुका मोजून अशा लहरींची एक सगळीकडून येणारी गुणगुण सापडल्याचे पुरावे जगभरच्या टीम्सनी मांडले, त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा आहे, आणि ती गुणगुण बहुतेक याच महाकाय जोड्यांची असावी. पण गुणगुण म्हणजे लग्नाच्या हॉलमधला कलकलाट, कोण कोणाशी बोलतंय ते नाही कळत. एकेक जोडी वेगळी ऐकायला लिसा पाहिजे, 25 लाख किलोमीटरवर एकमेकांना लेझरने बांधलेली तीन यानं, युरोपने जानेवारी 2024 मध्ये मंजूर केली, उडणार 2035 च्या आसपास. तीही सगळ्यात मोठ्या धेंडांना नाही ऐकू शकणार, लाख ते कोटी सूर्यांच्या जोड्या तिच्या आवाक्यातल्या. लिसाने हाक मारायची की अमुक दिशेला अमुक दिवशी, आणि एक्स-रे दुर्बिणींनी तिकडे वळून तो आतल्या खोलीतला अंधार बघायचा, असा बेत आहे.

"2035," अप्पा म्हणाले, "म्हणजे मी 91 चा." आणि पायऱ्या उतरून गराडू घ्यायला गेले.

काकू शनिवारी परत आल्या, पाटल्या आमच्याकडेच ठेवून गेल्या होत्या. तसं त्या राजेंद्र नगरच्या, त्यांच्या घरापासून कॅट, म्हणजे राजा रामण्णा संशोधन केंद्र, किती जवळ, जिथे इंडस-2 मध्ये 172 मीटरच्या घेरात इलेक्ट्रॉन पळवून माझ्या ट्यूबपेक्षा कितीतरी प्रखर एक्स-रे काढतात, पण त्यांना काय त्याचं. मी सगळं समजावून सांगितलं, म्हटलं काकू, जोडाच्या पलीकडचा तुकडा किती आहे ते नक्की कळायला हवं तर भट्टीवर द्यावी लागेल, थोडं कापावं लागेल.

"कापायची नाही," काकू म्हणाल्या. रुमाल पसरला, दोन्ही पाटल्या ठेवल्या, गाठ मारली. "तू एवढं कर, मला दिसेल असं सांग, ती रेघ कुठेय."

मी भिंग दिलं. बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं नाही तरी म्हणाल्या, "सूनबाईंना चष्मा लागलाय आता." आणि गेल्या.